खोळंब्याचे गणित मांडणारा मास्तर

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून गेले की मोलगी लागते. सातपुड्याच्या कुशीतले हे गाव तसे लहानच. पण आसपासच्या पाड्यांची तीच बाजारपेठ. कैऱ्यांचा हंगाम सरत आला की इथे आमचुराची पोती दिसू लागतात. मोहाची फुले येतात, भगर येते. होळीच्या दिवसांत शेजारच्या काठी गावच्या राजवाडी होळीला निघालेल्या माणसांनी रस्ते फुलून जातात. डोंगरातून माणूस मोलगीला उतरतो तो एका कामासाठी नाही. मीठ-मिरचीबरोबर रेशन, बँक, एखादा दाखला, दवाखाना अशी चार कामे तो एकाच खेपेत उरकून घेतो, कारण परतीची वाट लांबची आणि चढाची असते.

अशाच एका बाजाराच्या दिवसाची कल्पना करा. रेशन दुकानासमोर रांग आहे. एक आजी पुढे होते आणि काउंटरवरच्या छोट्या यंत्रावर अंगठा टेकवते. पडद्यावर एक चक्र फिरू लागते. ते फिरतच राहते. दुकानदार अंगठा पुसून पुन्हा ठेवायला सांगतो. पुन्हा तेच. मागच्या रांगेत चुळबूळ सुरू होते.

त्या चक्रामागे काय चाललेले असते? अंगठ्याचा ठसा मोबाइलच्या मनोऱ्यावरून निघतो, राज्याच्या संगणकाकडे जातो, तिथून आधारच्या केंद्रीय संगणकांकडे जातो, ओळख पटल्याचा निरोप तशाच टप्प्यांनी माघारी येतो आणि मग धान्याचा हिशेब वळता होतो. म्हणजे हे काम एका यंत्राचे नाही. शेकडो मैलांवर विखुरलेल्या, एकमेकांना न पाहिलेल्या अनेक संगणकांनी काही क्षणांत मिळून करायचे ते काम आहे. संगणकवाले याला वितरित प्रणाली म्हणतात. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, दहावीचा निकाल हे सारे आज याच पद्धतीने चालते. आणि योगायोग असा की, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी.

हे चक्र किती वेळ फिरावे, रांगेतल्या किती जणांना रिकाम्या हाताने परतावे लागेल, याचे गणित असते का? असते. ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तराने मांडले, तेव्हा संगणक जन्मालाही आला नव्हता. त्या मास्तराचे नाव आग्नर क्रारूप एर्लांग.

मास्तरांच्या घरचा मुलगा

एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेचे मास्तर. त्याबरोबर चर्चची कारकुनीही सांभाळत. आपल्याकडे एखाद्या मास्तरांच्या घरी जसे पैसे कमी आणि पुस्तके जास्त असत, तसेच हे घर. आईच्या घराण्यात गणिताची परंपरा होती. त्रिकोणमितीतल्या टँजंट आणि सीकंट या शब्दांचा जनक थॉमस फिंके हा सोळाव्या शतकातला गणिती तिच्या पूर्वजांपैकी एक.

लहानग्या आग्नरची एक गंमत सांगतात. भाऊ पुस्तक वाचत बसला की हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून तेच पुस्तक उलटे वाचायचा. पुढे आयुष्यभर त्याने हेच केले, असे म्हटले तरी चालेल. सारे जण ज्या गोष्टीकडे एका बाजूने बघत होते, ती त्याने समोरच्या बाजूने वाचली.

आकाशातल्या ताऱ्यांचे त्याला वेड होते. ताऱ्यांवर तो कविताही करी. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला जाऊन परीक्षेला बसला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षा उत्तम गुणांनी पास झाला आणि घरी परतून वडिलांच्याच शाळेत दोन वर्षे साहाय्यक शिक्षक म्हणून मुलांना शिकवू लागला. ज्या वयात आपली मुले दहावीच्या क्लासला जातात, त्या वयात हा हाती खडू घेऊन फळ्यापाशी उभा होता.

१८९६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून तो कोपनहेगन विद्यापीठात गेला आणि १९०१ मध्ये गणिताचा पदवीधर होऊन बाहेर पडला. पुढची काही वर्षे पुन्हा शाळेत शिकवण्यातच गेली. स्वभाव अबोल, राहणी साधी, लग्न केले नाही. मिळकत पुस्तकांत जाई आणि गरजूंना मदत करण्यात जाई. अशा माणसाचे नाव पुढे जगभरच्या अभियंत्यांच्या तोंडी बसेल, असे तेव्हा कोणालाही वाटले नसेल.

टेलिफोन कंपनीत गणिती

मात्र एक सवय त्याच्या कामी आली. डॅनिश गणितप्रेमींच्या मंडळाच्या बैठकांना तो नेमाने जाई. तिथे त्याची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंते. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. पण उद्योग असा की, त्यांच्या नावाची असमानता आजही विद्यापीठांत शिकवली जाते. त्यांनी या अबोल मास्तरातले पाणी ओळखले आणि १९०८ मध्ये एर्लांग टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

त्या काळचे टेलिफोन एक्स्चेंज आठवा. ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्यांना ते वेगळे सांगायला नको. काउंटरवर ओळीने बसलेल्या ऑपरेटर मुली, समोर भोकांची फळी, हातात वायरी. कोणी फोन उचलला की मुलगी विचारणार आणि वायर जोडून देणार. आता कंपनीपुढचा प्रश्न असा होता : तारा किती ओढायच्या आणि मुली किती नेमायच्या? प्रत्येक ग्राहकासाठी एक तार ओढली तर कंपनी बुडेल. फारच कमी ओढल्या तर ग्राहक ओरडतील. मधला आकडा कोणता? तोवर हा आकडा अनुभवाने आणि अंदाजाने ठरत असे.

एर्लांगने पुस्तक उलट बाजूने वाचले. अमुक माणूस केव्हा फोन करील हे कोणीच सांगू शकत नाही, हे त्याने मान्य केले. पण हजारो माणसे आपापल्या मर्जीने फोन करू लागली की त्या बेशिस्तीलाही एक शिस्त येते, हे त्याने दाखवून दिले. पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलेला संभाव्यतेचा नियम टेलिफोनला लागू पडतो, हे त्याने १९०९ च्या आपल्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधात सिद्ध केले. १९१७ मध्ये दुसरा निबंध आला आणि त्यात ती दोन सूत्रे होती, ज्यांच्यावर पुढे जगाचे दळणवळण उभे राहिले.

सूत्र कसे चालते?

सूत्रात शिरायचे कारण नाही, उदाहरण पाहू. समजा, एका गावातून तासाला ३० फोन होतात आणि प्रत्येक जण सरासरी ४ मिनिटे बोलतो. म्हणजे तासाभरात १२० मिनिटांचे बोलणे. तासाची मिनिटे ६०, म्हणजे दोन तारा सतत गुंतून राहतील एवढा हा भार. या भाराला आज २ एर्लांग म्हणतात. मग दोन तारा पुरतील, असे कोणालाही वाटेल. एर्लांगचे सूत्र सांगते की, दोन तारा ठेवल्या तर १०० पैकी ४० जणांना तार मोकळी मिळणार नाही, कारण माणसे ठरवून एकामागून एक फोन करीत नाहीत; कधी चौघे एकदम करतात आणि कधी कोणीच करीत नाही. तीन तारा ठेवल्या तर २१ जण परततील, चार ठेवल्या तर साधारण ९ ते १०, पाच ठेवल्या तर चाराहून कमी आणि सहा ठेवल्या तर जेमतेम एक.

दुसरी गंमत पाहा. अशाच दोन गावांना प्रत्येकी पाच तारा दिल्या तर दोन्हीकडे १०० तले जवळजवळ ४ जण परततात. पण त्याच दहा तारा दोघांत मिळून सामाईक ठेवल्या, तर परतणारे १०० मध्ये अर्ध्यावर येतात. म्हणजे २०० मध्ये एक! एकत्र कुटुंबात भांडी कमी लागतात, त्यातलाच हा प्रकार. आज मोठमोठ्या कंपन्या आपले स्वतंत्र संगणक न ठेवता भाड्याच्या सामाईक संगणक-केंद्रांवर काम चालवतात, त्यामागे जी कारणे आहेत त्यांत हे एक मोठे आहे.

दुसरे सूत्र वाट पाहणाऱ्यांचे. एकच खिडकी आहे आणि प्रत्येकाला सरासरी ४ मिनिटे लागतात. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर सरासरी ४ मिनिटे थांबावे लागते. ती ९० टक्के वेळ कामात असेल तर ३६ मिनिटे. आणि ९५ टक्के झाली तर तब्बल ७६ मिनिटे! काम वाढले पाचच टक्क्यांनी, पण खोळंबा दुपटीच्या वर गेला. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी कालपर्यंत धडधाकट असलेले संकेतस्थळ दुपारी एकाएकी मान का टाकते, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. सदान्‌कदा कामात असलेली खिडकी कार्यक्षम दिसते, पण तिच्यात जरासाही उसंतीचा वेळ राहिलेला नसतो. थोडी रिकामी जागा ही उधळपट्टी नव्हे. ती रांगेतल्या माणसाची सोय आहे.

शिडी घेऊन फिरणारा शास्त्रज्ञ

एर्लांग नुसता टेबलावरचा गणिती नव्हता. जमिनीखालच्या टेलिफोन केबलींमध्ये भटके विद्युतप्रवाह शिरत. ते कुठे आणि किती, हे मोजणे हे त्याच्या प्रयोगशाळेचे काम. सुरुवातीला हाताखाली माणसे नव्हती. त्यामुळे कोपनहेगनच्या रस्त्यांवर एक विलक्षण दृश्य दिसे : पुढे हे गणिती महाशय, मागे खांद्यावर शिडी घेतलेला एक कामगार. रस्त्यावरचे लोखंडी झाकण उघडायचे, शिडी सोडायची आणि स्वतः खाली उतरून मोजमाप घ्यायचे.

सूत्राचा जनक गटाराएवढ्या खड्ड्यात उतरतो, याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सूत्र सांगते काय व्हायला हवे. प्रत्यक्षात काय होते आहे, ते मोजल्याखेरीज कळत नाही. आजच्या संगणक प्रणालींची उभारणी, चाचणी आणि देखरेख ही तिन्ही कामे या माणसाने आपल्या परीने केली, असे म्हणता येईल. किती भार येईल ते आधी मांडायचे. तो भार पेलतो का ते ताडून पाहायचे. आणि यंत्रणा सुरू झाली की मोजत राहायचे. आज अभियंते नवी प्रणाली लोकांसाठी खुली करण्याआधी तिच्यावर लाखो खोट्या ग्राहकांची गर्दी सोडून पाहतात. नंतर रात्रंदिवस पडद्यावर आलेख लावून बसतात : किती मागण्या आल्या, किती फसल्या, उत्तराला किती वेळ लागला. साधन बदलले, शिडी तीच.

एर्लांगच्या निबंधांची कीर्ती हळूहळू पसरली. ते डॅनिश भाषेत होते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या एका संशोधकाने केवळ ते मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकून घेतली, असे सांगतात. ब्रिटिश टपाल खात्याने आपल्या एक्स्चेंजसाठी त्याचे सूत्र स्वीकारले. तो स्वतः मात्र होता तिथेच राहिला. जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत त्याने आजारपणाची रजा घेतली नाही. १९२९ च्या जानेवारीत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला रुग्णालयात जावे लागले आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी तो गेला.

१९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेलिफोन समितीने दूरध्वनीच्या भाराच्या एककाला एर्लांगचे नाव दिले. व्होल्ट, अँपियर, वॅट यांच्या पंगतीत खेड्यातल्या मास्तराचा मुलगा जाऊन बसला.

मेल्यानंतरचे आयुष्य

गोष्ट इथे संपत नाही. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी एक नवी संगणकभाषा तयार केली. तिचे नाव एर्लांग. या भाषेमागचा विचार मोठा शहाणपणाचा आहे. बिघाड होणारच, हे तिने आधीच धरले आहे. म्हणून कामाचे हजारो छोटे तुकडे करायचे, एक तुकडा कोसळला तर त्याची झळ शेजाऱ्याला लागू द्यायची नाही आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या तुकड्याने त्याला पुन्हा उभे करायचे. आंधळी कोशिंबीर खेळताना मूल पडले म्हणून सारा खेळ मोडत नाही. कोणीतरी त्याला उठवते आणि डाव पुढे चालतो. १९९८ मध्ये ही भाषा सर्वांना मोफत खुली झाली. पुढे व्हॉट्सअॅपची यंत्रणा याच भाषेवर उभी राहिली. २०१४ मध्ये ती कंपनी विकली गेली तेव्हा सुमारे ४५ कोटी लोक ती सेवा वापरत होते आणि ती सांभाळणारे अभियंते होते तीसेक. सकाळी-सकाळी घरोघरी येणाऱ्या सुप्रभातच्या फुलांमागे या अबोल माणसाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

पुन्हा मोलगीला

आता पुन्हा त्या आजीकडे वळू या. तिच्या अंगठ्यापासून धान्यापर्यंत समजा पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा १०० पैकी ९९ वेळा ठीक चालतो. ऐकायला उत्तम वाटते. पण पाचही टप्पे एकाच वेळी ठीक असण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर येते. म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी जवळजवळ निर्दोष असूनही वीस जणांतल्या एकाचे काम अडते आणि जबाबदार कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय, अडलेला माणूस गप्प बसत नाही. तो पुन्हा अंगठा ठेवतो, तिसऱ्यांदा ठेवतो. मूळ सूत्राने धरले होते की, तार न मिळालेला माणूस निघून जाईल. तो जर पुन्हा पुन्हा प्रयत्न करू लागला तर आधीच वाकलेल्या यंत्रणेवर नवा भार चढतो आणि ती पुरतीच बसते. म्हणून चांगल्या प्रणालीत पुढच्या प्रयत्नाआधी थोडे थांबण्याची शिस्त घातलेली असते.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे. १०० पैकी एक परत जाईल, असे एर्लांगचे गणित सांगते तेव्हा तो एक कोणीही असू शकतो, आज मी तर उद्या तुम्ही, असे त्यात गृहीत असते. कोपनहेगनच्या टेलिफोनबाबत ते खरेही होते. सातपुड्यात ते खरे राहत नाही. आयुष्यभर मातीत आणि दगडांत राबलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यामुळे यंत्र ओळखत नाही ती बहुतेक वेळा तीच बोटे असतात. रेंज खात्रीची नसते तो पाडाही दर वेळी तोच असतो. हा नशिबाचा फेरा नव्हे. हा एकाच माणसाच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणारा एक टक्का आहे.

राजधानीतल्या पडद्यावर मात्र सरासरी ९९ टक्के दिसते आणि आलेख हिरवा असतो. राज्याच्या कोट्यवधी व्यवहारांत एखाद्या पाड्याचे अपयश पाण्यात मीठ विरघळावे तसे विरघळून जाते. आकडा खोटा नसतो; तो फक्त फार उंचावरून घेतलेला असतो. देखरेख करायचीच तर ती गावागणिक, दुकानागणिक झाली पाहिजे. ज्याचा अंगठा तीनदा नाकारला गेला त्याला चौथ्यांदा काय करायचे, याची वाट आधीच आखलेली हवी : नोंदवही असो, मोबाइलवर येणारा अंक असो, की ओळखीच्या माणसाची साक्ष असो. यंत्रणा कोसळेल हे धरूनच ती उभारावी, हा धडा एर्लांगच्या नावाची भाषा शिकवते. तो संगणकापुरता का ठेवायचा?

शेवटी तारा किती ओढायच्या, हे सूत्र ठरवत नाही. किती माणसे परत गेली तर चालतील, हा आकडा आधी कोणीतरी माणूस ठरवतो. सूत्र पुढचा हिशेब करून देते. शहरातल्या माणसाला परत जाणे म्हणजे पाच मिनिटांनी पुन्हा बटण दाबणे. मोलगीहून परत जाणे म्हणजे रिकामी पिशवी घेऊन डोंगर चढणे आणि पुढच्या खेपेचा दिवस मोजणे. दोघांचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येणार नाही.

एर्लांगने हे सारे पाहिले नव्हते. पण लोकांनी फोन लागत नाही म्हणून तक्रार केली असती तर तो काय करता, याचा अंदाज बांधता येतो. तो आलेखाकडे बोट दाखवून गप्प बसला नसता. त्याने बरोबर एक माणूस घेतला असता, खांद्यावर शिडी दिली असती आणि झाकण उघडून स्वतः खाली उतरून पाहिले असते.